सूर्यमाळची कारभारीण

मोखाड्याच्या पंचायत समितीच्या सभागृहात आज आपली पाण्याची टाकी भिंतीवर दिसणार, या नुसत्या विचाराने जयवंती झुगरेचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. सूर्यमाळच्या फाट्यावर जीप यायला अजून अवकाश होता, तरी ती केव्हाची रस्त्याकडेला येऊन उभी राहिली होती. बाजाराचा दिवस असल्यामुळे जीप खचाखच भरून आली. मागे कुणाच्या पायाशी करवंदांच्या पाट्या, कुणाच्या मांडीवर बांधलेला कोंबडा. जयवंती लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून कशीबशी आत शिरली आणि घाट उतरेपर्यंत मनातल्या मनात एकच भाषण पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शेजारच्या बाईने तिला दोनदा विचारलं, ताई, कुणाशी बोलताय? तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपले ओठ हलतायत.

जयवंतीचं माहेर खोडाळ्याकडचं. बाप डोंगरउतारावर भात आणि नागली लावणारा. पोरीला मात्र त्याने जव्हारच्या वसतिगृहात ठेवून शिकवलं. बारावीनंतर तिने संगणकाचा डिप्लोमा केला आणि थेट ठाण्याला एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये पाळीवर कामाला लागली. खोली बर्फासारखी थंड, यंत्रांचा अखंड घोंघाट, आणि समोर पडद्यांची भिंत. एखादा प्रोग्रॅम पडला की पडद्यावर लाल खूण यायची. ती बघायची आणि त्या प्रोग्रॅमला पुन्हा उभं करायचं, हे तिचं काम. पहिल्या आठवड्यात ती लाल दिसलं की लगेच बटण दाबायची. तिथला जुना माणूस मुकेश हसत तिला म्हणाला होता, "पहले देखो कौन गिरा, फिर देखो क्यों गिरा. उठाना सबसे बाद में."

कंटेनर हा शब्दही तिला तिथेच भेटला. माहेरी फोनवर आईला सांगताना तिने त्याला सरळ डबा म्हटलं. एकाच यंत्रात निरनिराळे प्रोग्रॅम चालवायचे, पण प्रत्येकाला त्याच्या लागणाऱ्या सगळ्या वस्तूंसकट वेगळ्या डब्यात बंद करून ठेवायचं. एकातलं कालवण आंबलं तरी शेजारच्या डब्यातल्या भाताला वास लागत नाही. बिघडलेला तेवढा बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा, बाकीचे आपले चालूच. आईला काय कळलं ते आईलाच ठाऊक, पण जयवंतीला मात्र ही रचना फार आवडली होती.

पुढे नीलेशशी लग्न झालं. तो सूर्यमाळच्या आश्रमशाळेत शिक्षक. दोघांनी वर्षभर ठाणे आणि सूर्यमाळ अशी ओढाताण केली, आणि मग कंपनीने आपली सर्व्हर रूमच दुसऱ्या शहरात हलवली तेव्हा जयवंती गावी आली. येताना तिने एक गोष्ट मागून आणली, कंपनीने मोडीत काढलेला, वहीएवढा छोटा संगणक. नीलेशला वाटलं, बायको यावर घरबसल्या काही काम करील. जयवंतीच्या डोक्यात वेगळंच होतं. घरातले दिवे, पंखे, मोटारी आपापल्या सांभाळणारं एक मोफत सॉफ्टवेअर असतं, ते कुणा परक्याच्या यंत्रावर न ठेवता आपल्याच घरातल्या संगणकावर चालवता येतं, हे तिने ठाण्यात असतानाच वाचलं होतं. आता घर तर होतं. सांभाळण्यासारखं काय आहे ते शोधायचं होतं.

ते सापडलं सासूच्या, रखमीच्या, खुराड्यात. सूर्यमाळची थंडी बोचरी. दर हिवाळ्यात रखमीची पिल्लं गारठून मरायची. ती बिचारी रात्रीबेरात्री उठून खुराड्यावर गोणपाट टाकायची, बल्ब लावायची, आणि सकाळी विसरायची. जयवंतीने खुराड्यात ऊब मोजणारं बोटाएवढं यंत्र बसवलं, बल्बला स्वतः उघडमीट होणारं बटण जोडलं आणि दोन्हींची गाठ त्या छोट्या संगणकाशी घालून दिली. गारठा वाढला की बल्ब लागायचा, ऊब आली की विझायचा. पहिल्या संध्याकाळी रखमी खुराड्यासमोर पाट टाकून बसली ती उठेचना. बल्ब आपोआप लागला तेव्हा तिने पदर तोंडाला लावला.

"ही बया झोपते कवा?" तिने सुनेला विचारलं.

जयवंतीने तिला सगळं उलगडून सांगितलं. त्या संगणकात तीन डबे आहेत. एक डबा नुसते निरोप इकडून तिकडे पोचवतो, खुराडं काय म्हणतंय ते आत आणतो, आतून आलेला हुकूम बल्बला नेऊन देतो. दुसरा डबा ते निरोप ऐकून काय करायचं ते ठरवतो. तिसरा सगळं लक्षात ठेवतो. रखमीने ऐकून घेतलं आणि तिघांची नावं तिथल्या तिथे ठेवली. पहिला निरोप्या, दुसरी कारभारीण, तिसरी आठवण. जयवंतीने संगणकातही हीच नावं टाकली. घरात मग रोजच्या बोलण्यात ती येऊ लागली. वीज जाऊन आली की रखमी ओट्यावरून विचारायची, उठली का तुझी कारभारीण?

पण खरी गोष्ट पाण्याची होती.

पाड्याची विहीर खाली दरीत, आणि टाकी वर माळावर. विहिरीवर सौरपंप बसला होता, पाईप टाकीपर्यंत आला होता, तरी उन्हाळा म्हटलं की बायांच्या जिवाला घोर लागायचा. कारण पंपाचं बटण दरीत. कुणीतरी खाली उतरून ते दाबायचं, मग वर येऊन टाकी भरली का बघायचं, मग बंद करायला पुन्हा खाली. कधी टाकी वाहून जायची, तर कधी विहिरीतलं पाणी तळाला गेल्यावरही पंप कोरडाच घरघरत राहायचा. असाच तो एकदा जळला आणि अख्खा उन्हाळा बंद पडून राहिला. जयवंतीने त्या उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन ती चढण चढली होती. चढता चढताच तिला सुचलं की खुराड्याला जमतं ते टाकीला का जमू नये.

पाड्याच्या पाणी समितीचा अध्यक्ष पुंजा. वयाने मोठा, बोलायला तुटक, पण खोटं कधी बोलायचा नाही. जयवंतीने त्याला सांगितलं की टाकीत पाण्याची उंची मोजणारं यंत्र टाकते, विहिरीतही टाकते, पंपाला बटण जोडते, विनातारी निरोप घरच्या संगणकापर्यंत येतील. पाणी कमी झालं, विहिरीत पुरेसं असलं आणि ऊन असलं, की पंप आपोआप लागेल. पुंजाने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "आनि बिघडल्यावर कोण?"

त्याचं चुकत नव्हतं. पाड्यावर आजवर आलेली प्रत्येक सोय पहिल्या बिघाडालाच आडवी झाली होती. हातपंप आला, दांडा तुटला. रस्त्याचा दिवा आला, विझला. बिघडलं की बाहेरचं माणूस यायचं, कुलूप उघडून आत काहीतरी करायचं, नाहीतर यायचंच नाही. जयवंती म्हणाली, बिघडल्यावर मी. पुंजा बरं म्हणाला, पण त्याच्या तोंडावर विश्वास दिसला नाही.

होळीच्या सुमारास पंप आपोआप लागला आणि तेव्हापासून चालतच राहिला. बायांची सकाळ मोकळी झाली. ग्रामसेविका कविता मॅडमनी एकदा टाकीवर येऊन बघितलं, मग जयवंतीच्या घरी येऊन पडदा बघितला, आणि हे तालुक्यातल्या बाकीच्या पाड्यांना दाखवायचंच असं त्यांनी मनावर घेतलं. त्यांच्याच खटपटीने आजची सभा जमली होती.

सभागृह भरलं होतं. पाड्यापाड्यांच्या समित्यांची माणसं आली होती, आणि नुसता बाजाराला आलेला माणूसही पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून आत टेकला होता. पहिल्या रांगेत दरीपलीकडच्या पाड्याची मंगळी बसली होती. सडपातळ बाई, नजर धारदार. तिच्या पाड्यावर तर टँकरही पोचत नव्हता. सूर्यमाळहून पुंजा आला होता, तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता. तो दुसऱ्या जीपने आला होता, त्यामुळे सकाळी दोघांची गाठ पडली नव्हती.

कविता मॅडमनी चार शब्दांत ओळख करून दिली आणि जयवंती उठली. पहिलं वाक्य निघालं आणि मग ती सुटलीच. खुराड्याची गोष्ट सांगितली तेव्हा लोक हसले. निरोप्या, कारभारीण, आठवण ही नावं ऐकून तर बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग तिने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि भिंतीवर टाकीचं चित्र उमटलं. निळं पाणी निम्म्यापर्यंत. सभागृहात कौतुकाची एक लहर पसरली.

"हे आत्ताचं पाणी," जयवंती म्हणाली. "आम्ही इथे बसलोय आणि सूर्यमाळला टाकी निम्मी आहे."

मागून पुंजाने हात वर केला. तो थोडा अडखळला, पण बोलला.

"जयू, तसं नाय. टाकी सकाळधरनं कोरडी हाय. बाया नळावर उभ्या होत्या. मला वाटलं, तुला ठावं आसंल."

कुठेतरी कोपऱ्यात कुणी फिसकन हसलं. जयवंतीने भिंतीकडे बघितलं. निळं पाणी निम्म्यावर तसंच होतं, हसतमुख, बिनचूक, आणि सपशेल खोटं. तिने घरी फोन लावला. लागेना. रखमीचा फोन रेंजबाहेर होता.

कविता मॅडम पुढे झाल्या. त्यांनी हळूच सुचवलं की भिंतीवरचं चित्र बंद करू, तू निवांत बघ काय झालंय, तोवर मी चहा मागवते. त्यांच्या बोलण्यात माया होती. जयवंतीचा हात तारेकडे गेलाही. ती तार उपसली असती तर कुणालाच काही दिसलं नसतं. पण तेवढ्यात तिची नजर पुंजाकडे गेली. बिघडल्यावर कोण, असं विचारणारा तोच चेहरा. आजवर प्रत्येक बिघाड लोकांनी बाहेरूनच पाहिला होता, कुलपाच्या अलीकडून.

"राहू द्या मॅडम," ती म्हणाली. "बघू दे सगळ्यांना."

तिने टाकीचं चित्र बाजूला सारलं आणि घरच्या संगणकाचा आतला पडदा उघडला. काळ्या भिंतीवर पांढरी अक्षरं आली. आत जे चाललंय ते हे आहे, असं म्हणून तिने बोटाने एकेक ओळ दाखवली. ही कारभारीण, ती चालू आहे. ही आठवण, ती बंद पडलीय. आणि हा निरोप्या, याच्यापुढे लिहिलंय की हा पुन्हा पुन्हा उठतोय आणि पुन्हा पुन्हा पडतोय. म्हणजे कालपासून टाकीचा एकही निरोप आत पोचलेला नाही. कारभारणीच्या हातात शेवटचा निरोप आहे तो निम्म्या टाकीचा, तोच ती धरून बसलीय. आणि कारभारणीचा हुकूम आला नाही की पंप आपण होऊन बंद राहतो, जळू नये म्हणून. ते मात्र ठरल्याप्रमाणे झालं होतं.

लोक पुढे वाकून ऐकू लागले होते. आता घाई करायला हवी असं जयवंतीला वाटलं, आणि घाईत तिने तेच केलं जे ठाण्यातल्या पहिल्या आठवड्यात करायची. निरोप्याला पुन्हा सुरू करण्याचा हुकूम दिला. ओळ हिरवी झाली. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. पण टाळ्या थांबायच्या आत हिरव्याचं लाल झालं.

"परत पडला," पहिल्या रांगेतून मंगळी म्हणाली. "का पडला?"

तो प्रश्न जयवंतीला थंड पाण्याच्या हबक्यासारखा लागला. खरंच, का पडला हे बघितलंच नव्हतं. ठाण्याचा मुकेश समोर असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. तिने एक श्वास घेतला आणि लोकांना सांगितलं की बाईंनी विचारलं तेच आधी बघायला हवं होतं. प्रत्येक डबा स्वतःच्या चालीची नोंद लिहीत असतो. तिने निरोप्याने पडण्याआधी लिहिलेल्या शेवटच्या ओळी उघडल्या. तिथे तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा आलं होतं. त्याचा अर्थ इतकाच की लिहायला जागा उरलेली नाही.

जागा. जयवंतीने संगणकातली साठवण तपासली आणि तिला हसू आलं. काठोकाठ भरली होती. होळीच्या वेळी टाकीची चाचणी घेताना तिने आठवणीला क्षणाक्षणाची नोंद ठेवायला सांगितलं होतं, आणि चाचणी संपल्यावर ते थांबवायचं राहून गेलं होतं. शिवाय डब्यांच्या नव्या आवृत्त्या येत गेल्या तशा जुन्या आवृत्त्या कोपऱ्यात पडूनच राहिल्या होत्या. आठवण फुगत फुगत शेवटी जागेअभावी गप्प झाली, आणि निरोप्यालाही पाऊल टाकायला जागा उरली नाही.

"मग सगळं पुसून टाका की," मागून एक तरुण म्हणाला.

जयवंतीने मान हलवली. आठवणीत अख्ख्या उन्हाळ्याचं पाणी आहे, ती म्हणाली. विहीर कोणत्या दिवसांत किती खाली जाते, कधी सांभाळून उपसायचं, ते त्यातूनच कळतं. ते पुसलं तर पुढच्या वर्षी आपण आंधळे. फेकायचं ते दुसरंच. तिने आता कुणीच वापरत नसलेल्या जुन्या आवृत्त्यांची यादी काढली, त्यातली एकही चालू डब्याची नाही ना हे एकेक ओळ वाचून पाहिलं, मोठ्याने वाचलं, आणि मग काढून टाकायचा हुकूम दिला. पडद्यावर ओळी भराभर सरकल्या. जागा मोकळी झाली. चांगली ऐसपैस झाली.

आता सभागृहात चहा आला होता, पण कुणाचं लक्ष नव्हतं. कप हातात तसेच निवत होते.

तिने आधी आठवणीला उठवलं. ती उठली आणि उभी राहिली. क्षणाक्षणाची नोंद बंद करायला जयवंती आता विसरली नाही. मग निरोप्या. हुकूम गेला, आणि पडदा थिजला. अक्षरं हलेनात. जयवंतीने बटणं दाबली, काही नाही. रेंज गेली होती. सूर्यमाळ आणि मोखाडा यांच्यातली अदृश्य दोरीच तुटली होती. निरोप्या उठला की पडला हे कळायचा मार्ग नव्हता. कुणीतरी म्हणालं की खिडकीपाशी जा, तिथे रेंज येते. कविता मॅडमनी स्वतःचा फोन काढला, त्याचं नेट चालू केलं आणि खिडकीच्या गजाशी धरून उभ्या राहिल्या. जयवंतीने लॅपटॉप त्या फोनला जोडला. हे जमणार, हे तिला आता कळलं होतं.

अक्षरं हलली. निरोप्या हिरवा होता.

सगळे वाट बघत राहिले. तो पडतो का हे बघायची सवय आता त्यांनाही झाली होती. मंगळी नजर न हलवता त्या एका ओळीकडे बघत होती. ओळ हिरवीच राहिली.

जयवंतीने टाकीचं चित्र पुन्हा भिंतीवर आणलं. पाणी अजून निम्म्यावरच. पुन्हा एक हताश सुस्कारा उठला, पण तिने हाताने थांबा अशी खूण केली. कारभारीण जुनाच निरोप कवटाळून बसलीय, तिला एकदा बसवून उठवावं लागेल. तिने शेवटचा हुकूम दिला. कारभारीण तिघांत सर्वांत जड, उठायला वेळ लावते. गोल चाकी फिरत राहिली.

आणि मग भिंतीवरचं निळं पाणी सर्रकन खाली उतरलं, थेट तळाला. टाकी रिकामी. कोरडी ठणठणीत.

रिकामी टाकी बघून इतका आनंद झालेलं माणूस त्या सभागृहात त्याआधी कुणी पाहिलं नसेल. जयवंतीने दोन्ही हात वर केले. आता खरं बोलतेय, ती म्हणाली, आता बघा. कारभारणीला रिकामी टाकी दिसली. विहिरीतलं पाणी दिसलं, पुरेसं होतं. बाहेर ऊन रणरणत होतं. भिंतीच्या कोपऱ्यातली पंपाची खूण करड्याची हिरवी झाली आणि गरगर फिरू लागली.

पण ते चित्रच होतं. मघाशी चित्राने एकदा फसवलं होतं, त्यामुळे टाळी कुणी वाजवली नाही. जयवंतीलाही ते कळत होतं. ती रखमीला पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली, आणि बऱ्याच वेळाने तो स्वतःच वाजला. रखमी. जयवंतीने आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

रखमीला धाप लागली होती. नळ कोरडा म्हणून ती पंपाचं बटण हाताने दाबायला दरीत निघाली होती, खाली रेंज नसते म्हणून फोन लागत नव्हता, आणि अर्ध्या वाटेत असतानाच खाली पंप घुमला म्हणून ती उलट पावली वर धावत आली होती. तिच्या मागे बायांचा गलका चालला होता.

"पाईप खडखडला गं," रखमी सांगत होती. "आधी नुसती हवा आली, मग लाल, आनि आता चांगलं निवळ. जयू, पानी आलं. टाकीत पडतंय, आवाज येतोय तुला?"

तिने फोन टाकीच्या तोंडाशी धरला असावा. पोकळ टाकीत पाण्याची धार कोसळण्याचा आवाज मोखाड्याच्या सभागृहात घुमला. मग जे झालं त्याला टाळ्या म्हणता येणार नाही. लोक उठून उभे राहिले, बाकं सरकली, कुणी शिट्टी मारली. कविता मॅडम अजून खिडकीच्या गजाशी फोन धरून उभ्या होत्या आणि डोळे पुसत हसत होत्या. जयवंतीला काय करावं ते सुचेना. तिने निवलेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

गलका ओसरल्यावर पुंजा भिंत सोडून पुढे आला. त्याने जयवंतीला शाबासकी वगैरे दिली नाही. तो सगळ्यांकडे वळून म्हणाला की बिघडल्यावर कोण, हे मी हिला विचारलं होतं, आणि मला उत्तर आज मिळालं. एवढं बोलून तो बाजार गाठायला निघूनही गेला.

मंगळी मात्र जागची हलली नव्हती. सभा पांगली तरी ती बसूनच होती. जयवंती तार गुंडाळत असताना ती जवळ आली.

"टाकीत यंत्र बसवायचं ते नंतर," ती म्हणाली. "आधी मला हे पडतं-उठतं ते शिकव."

जयवंतीने तिच्या तोंडाकडे बघितलं. आज दिवसभरात तिला सर्वांत जास्त आनंद कशाचा झाला असेल तर या वाक्याचा.

त्या आठवड्यापासून रखमीच्या ओट्यावर शाळा भरू लागली. मंगळी यायची, तिच्या पाड्याची राही यायची, सूर्यमाळच्या दोघीतिघी असायच्या. सातवी-आठवी शिकलेल्या बाया, फोन सराईतपणे वापरणाऱ्या. जयवंतीने आधी स्वतःची चूक निस्तरली. साठवण भरत आली की फोनवर इशारा येईल अशी सोय केली. निरोप्या उभा राहिल्याशिवाय कारभारीण उठणारच नाही असा क्रम लावून दिला. आणि टाकीचा निरोप बराच वेळ आला नाही तर चित्रातलं पाणी राखाडी होईल, म्हणजे ते पुन्हा कधी खोटं बोलणार नाही, हेही केलं. मग ती बायांना शिकवू लागली. कोण पडलं ते बघायचं, नोंद वाचायची, का पडलं ते ठरवायचं, आणि हात त्यानंतर लावायचा.

मंगळीला नुसतं शिकून चैन पडेना. जयवंती चहा टाकायला आत गेली की ती गुपचूप एखादा डबा बंद करून ठेवायची आणि साळसूदपणे बसून राहायची, बाकीच्यांना सापडतो का बघायला. एकदा तिने आठवण बंद केली ते कुणालाच कळेना, कारण पाणी चालू, दिवे चालू, सगळं सुरळीत. बायांनी ओटा डोक्यावर घेतला. शेवटी राहीच्या लक्षात आलं की कालच्या पाण्याची रेघ कुठे दिसतच नाही. त्या दिवशी हसण्याचा असा कल्लोळ उठला की शाळा सुटून घरी आलेला नीलेश दारातच थबकला. त्याला वाटलं, घरात कुणाचं लग्न ठरलं.

पुढचा उन्हाळा लागायच्या आत मंगळीच्या पाड्यावरही विहिरीला पंप आणि टाकी झाली. यंत्रं बसवायला जयवंती दोन दिवस तिकडे जाऊन राहिली, पण सगळं सुरू करायचा दिवस पुढे ठरला होता. तिने त्यासाठी नवी साडीही काढून ठेवली होती. एक दिवस पुंजा त्या पाड्यावर कुणाच्या तरी हळदीला जाऊन आला आणि येताना सरळ झुगऱ्यांच्या ओट्यावर टेकला. रखमीने पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर तो म्हणाला की तिकडे तर पाणी परवाच सुरू झालं. पहिल्या खेपेला निरोप्या काही केल्या उठत नव्हता म्हणे. मंगळीने कुणाला फोन केला नाही, दुपारभर नोंदी वाचत बसली, आणि संध्याकाळी पाणी पाडलं.

जयवंती क्षणभर फुरंगटली. मला बोलवायचं तरी, ती पुटपुटली. मग तिने लगेच फोन काढला आणि मंगळीला लावला. पलीकडून मंगळीचा आवाज आला तो पाण्याच्या आवाजातूनच. निरोप्या का उठत नव्हता ते ती सांगू लागली, जयवंती मध्येच प्रश्न विचारू लागली, दोघी एकदमच बोलू लागल्या, आणि रखमी व पुंजा ओट्यावर बसून, त्यातला शब्दही धड कळत नसताना, ऐकत राहिले.